पाण्याखालचे अपघात, पाण्याखालचे अहवाल

अणुपाणबुडीवर माणसे कशाने मरतात? बहुतेकांच्या तोंडी पहिले उत्तर येते ते किरणोत्सर्गाचे. सोव्हिएत आणि पुढे रशियन नौदलाची साठ वर्षांची नोंद मात्र वेगळे सांगते. अणुभट्टीने बळी घेतले हे खरे, पण आगीने, धुराने, स्फोटाने, आत घुसलेल्या पाण्याने, विषारी वायूने आणि गोठवणाऱ्या समुद्राने घेतलेले बळी कितीतरी अधिक आहेत. त्या आगींच्या आणि गळत्यांच्या मागे गेले की तीच ती कारणे पुन्हा भेटतात: बांधणीतली घाई, अर्धवट दुरुस्ती, जमवाजमव करून चढवलेले खलाशी आणि आधीच्या अपघाताची दडवून ठेवलेली माहिती.

हा विषय आपल्याला परका नाही. सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली पहिली 'चक्र' ही अणुपाणबुडी १९८८ साली विशाखापट्टणमला पोचली, तेव्हा पंतप्रधान राजीव गांधी तिच्या स्वागताला गेले होते. दुसरी 'चक्र' २०१२ साली आपल्या नौदलात दाखल झाली; त्याआधीच तिच्यावर वीस माणसे प्राणाला मुकली होती. आपण बांधलेल्या 'अरिहंत' या अणुपाणबुडीच्या भट्टीचा जमिनीवर उभारलेला नमुना चेन्नईजवळ कल्पाक्कमला आहे. मी जिथे काम करतो त्या इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीतून गाडीने दीड-दोन तासांत तिथे पोचता येते. आणि रशियात बांधलेली, रशियातच दुरुस्त होऊन आलेली 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी मुंबईच्या गोदीत अठरा जणांसह बुडाली. म्हणून रशियन नौदलाची ही नोंद आपण नीट वाचायला हवी.

भट्टीचे बळी

४ जुलै १९६१. उत्तर अटलांटिकमध्ये के-१९ या क्षेपणास्त्रवाहू पाणबुडीच्या एका भट्टीतील शीतकाचा दाब अचानक शून्यावर आला. अशा वेळी भट्टी थंड ठेवणारी पर्यायी यंत्रणा तिच्यावर बसवलेलीच नव्हती, कारण अमेरिकेला गाठण्याच्या घाईत ती बांधली गेली होती. कप्तान निकोलाय झातेयेव यांच्या माणसांनी भट्टीच्या कप्प्यात जाऊन हाताशी असलेल्या नळ्यांची वेल्डिंगने जोडणी केली आणि पाण्याची नवी वाट काढली. भट्टी वाचली. आत गेलेल्यांपैकी आठ जण तीन आठवड्यांच्या आत दगावले, पुढे आणखी काही. ही हकीकत सोव्हिएत जनतेपासून जवळजवळ तीन दशके लपून राहिली.

के-२७ या पाणबुडीत पाण्याऐवजी शिसे आणि बिस्मथ यांचा वितळलेला मिश्रधातू शीतक म्हणून वापरला होता. मे १९६८ मध्ये तिच्या भट्टीत बिघाड झाला, किरणोत्सर्ग कप्प्यांमध्ये पसरला आणि नऊ जण गेले. दुरुस्ती शक्य नव्हती. १९८२ साली नोवाया झेम्ल्याच्या एका खाडीत, अवघ्या तीसेक मीटर पाण्यात, ती इंधनासह बुडवून टाकण्यात आली. आजही ती तिथेच आहे.

तिसरा प्रसंग समुद्रातला नसून धक्क्यावरचा. १० ऑगस्ट १९८५ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या चाझ्मा खाडीत के-४३१ मध्ये नवे इंधन भरले जात होते. भट्टीचे झाकण उचलताना त्याबरोबर नियंत्रक दांडे वर ओढले गेले आणि क्षणात अनियंत्रित साखळी प्रक्रिया होऊन स्फोट झाला. दहा जण जागीच ठार झाले. ही घटनाही गुप्त राहिली. साडेआठ महिन्यांनी चेर्नोबिल झाले, तेव्हा स्वतःच्याच देशात घडलेल्या या अपघाताची माहिती बहुसंख्य सोव्हिएत नागरिकांना नव्हती.

आग, धूर आणि पाणी

पाणबुडीतली आग जमिनीवरच्या आगीसारखी नसते. पळायला जागा नाही, धूर बाहेर सोडता येत नाही, आणि आग पसरू नये म्हणून जो कप्पा बंद करायचा त्यात अनेकदा आपलीच माणसे असतात. १९६७ साली सोव्हिएत संघाच्या पहिल्याच अणुपाणबुडीवर, के-३ 'लेनिन्स्की कोम्सोमोल'वर, आगीत ३९ जण गेले. १९७२ साली के-१९ वरच पुन्हा आग लागली आणि अठ्ठावीस जण गेले. मागच्या कप्प्यात अडकलेले बारा खलाशी चोवीस दिवस अंधारात आणि थंडीत तग धरून राहिले, मग जिवंत बाहेर आले.

एप्रिल १९७० मध्ये बिस्केच्या उपसागराजवळ के-८ वर दोन कप्प्यांत एकाच वेळी आग लागली. चार दिवस झुंजून पाणबुडी बुडाली. कप्तान वसेवोलोद बेस्सोनोव यांच्यासह बावन्न जण गेले. सोव्हिएत नौदलाने गमावलेली ही पहिली अणुपाणबुडी.

ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्म्युडाच्या पूर्वेला के-२१९ च्या एका क्षेपणास्त्रनळीत समुद्राचे पाणी शिरले. क्षेपणास्त्राच्या द्रवरूप इंधनाशी त्याची प्रक्रिया होऊन स्फोट झाला आणि विषारी वायू पसरला. भट्टी आपोआप बंद होईना, तेव्हा विशीतला खलाशी सेर्गेई प्रेमिनिन आत शिरला आणि त्याने नियंत्रक दांडे हाताने खाली बसवले. काम झाले, पण दाबातल्या फरकामुळे कप्प्याचे दार उघडले नाही आणि तो आतच गेला. १९९७ साली त्याला रशियाचा सर्वोच्च वीर किताब मरणोत्तर देण्यात आला. या वेळी मॉस्कोने अपघाताची बातमी जगाला लगेच सांगितली. चेर्नोबिलच्या वेळी दडवादडवी अंगाशी आली होती.

७ एप्रिल १९८९ रोजी नॉर्वेजियन समुद्रात 'कोम्सोमोलेत्स' बुडाली. टायटॅनियमची ही पाणबुडी हजार मीटर खोल जाऊन आली होती. त्या काळातले ते अभियांत्रिकीचे मोठे यश. तिच्या शेपटीकडच्या कप्प्यात आग लागली, उच्च दाबाच्या हवेची नळी फुटली आणि त्या हवेने आग फोफावली. पाणबुडी पृष्ठभागावर आली आणि पुष्कळ माणसे बाहेर पडली. पण तराफे पुरेसे सुटले नाहीत. बर्फाइतक्या थंड पाण्यात माणसे तासाभराहून अधिक काळ मदतीची वाट पाहत होती. ४२ जण गेले, त्यांतले बरेचसे या थंडीने. एवढी प्रगत पाणबुडी बांधणाऱ्यांना तिच्या माणसांसाठी वेळेवर सुटणारे तराफे देता आले नाहीत. ती आज सुमारे १,७०० मीटर खोल पडून आहे. २०१९ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी तिच्या एका वायुवीजन नळीजवळचे पाणी तपासले, तेव्हा त्यात किरणोत्सर्गी सिझियम नेहमीच्या कितीतरी पट सापडले. समुद्रात ते फार लवकर विरून जाते, त्यामुळे मासळीला धोका नाही, हेही त्यांनी सांगितले. शोध आणि खुलासा दोन्ही जाहीर झाले, म्हणून तिथल्या मच्छीमारांना भरवसा ठेवता येतो.

या सगळ्यांत भारतीय वाचकाने थांबून पाहावा असा अपघात के-४२९ चा आहे. २४ जून १९८३ रोजी कामचाटकाजवळ ही पाणबुडी चाचणीसाठी पाण्याखाली गेली आणि तळाशी बसली. वायुवीजनाच्या झडपा उघड्या राहिल्या होत्या. पाणी सरळ चौथ्या कप्प्यात घुसले आणि तिथले चौदा जण गेले. खलाशी वेगवेगळ्या पाणबुड्यांवरून गोळा केलेले होते. एकत्र काम करण्याची त्यांना सवय नव्हती. कप्तान निकोलाय सुवोरोव या सफरीला नाखूश होते, पण वरून हुकूम होता. सुमारे चाळीस मीटर खोलीवरून शंभराहून अधिक माणसे पाणतीराच्या नळ्यांतून आणि सुटकेच्या झाकणातून वर आली. त्या प्रयत्नात आणखी दोघे गेले. शिक्षा झाली ती कप्तानाला, दहा वर्षांची. हुकूम देणाऱ्यांना झाली नाही.

के-४२९ ज्या वर्गाची होती, त्याच वर्गाची के-४३ पाच वर्षांच्या आत 'चक्र' या नावाने भारतीय झेंड्याखाली आली. जानेवारी १९८८ मध्ये व्लादिवोस्तोकला तिच्यावर तिरंगा चढला. आपल्या नौसैनिकांनी ती तीन वर्षे अपघाताविना चालवली आणि १९९१ साली परत केली. हे श्रेय त्यांच्या शिस्तीचे आहे, आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे.

कुर्स्क आणि त्यानंतर

१२ ऑगस्ट २०००. बारेंट्स समुद्रातल्या सरावात 'कुर्स्क'च्या पुढच्या कप्प्यात एका पाणतीरातले हायड्रोजन पेरॉक्साइड गळले आणि स्फोट झाला. सव्वादोन मिनिटांनी बाकीच्या पाणतीरांचा प्रचंड स्फोट झाला. नॉर्वेतल्या भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली. ११८ जणांपैकी २३ जण मागच्या नवव्या कप्प्यात काही तास जिवंत होते. कप्तान-लेफ्टनंट दिमित्री कोलेस्निकोव यांनी अंधारात त्या सर्वांची नावे कागदावर लिहून ठेवली. पाणबुडी फक्त १०८ मीटर खोल होती. रशियाने परदेशी मदत चार दिवस नाकारली. नॉर्वेचे पाणबुडे अखेर खाली गेले आणि त्यांनी झाकण उघडले, तेव्हा आत कुणी जिवंत नव्हते. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला परदेशी पाणबुडीशी टक्कर झाल्याचे सांगितले होते. २००२ साली सरकारी वकिलांच्या तपासात पाणतीराचे इंधन हेच कारण निघाले. खटला कुणावरही चालला नाही.

तीन वर्षांनी, ३० ऑगस्ट २००३ रोजी, सेवेतून काढलेली के-१५९ मोडीत काढण्यासाठी ओढून नेत असताना वादळात बुडाली. तिचा गंजलेला सांगाडा तरंगत राहावा म्हणून बांधलेले पोंटून तुटले. दहापैकी नऊ जण गेले आणि सुमारे ८०० किलो वापरलेले अणुइंधन समुद्रतळाशी गेले. १ जुलै २०१९ रोजी खोल समुद्रातल्या गुप्त कामासाठी बांधलेल्या 'लोशारिक'वर आग लागून चौदा अधिकारी गेले. बॅटरीच्या कप्प्यात आग लागली एवढे सांगितले गेले. बाकी सारे सरकारी गुपित ठरले.

नेर्पा ते चक्र

८ नोव्हेंबर २००८ रोजी जपानच्या समुद्रात के-१५२ 'नेर्पा' चाचणीसाठी निघाली होती. नव्वदच्या दशकात पैसा आटल्यामुळे तिची बांधणी वर्षानुवर्षे रखडली होती. भारताशी झालेल्या भाडेकरारामुळे ती पुन्हा पुढे सरकली. तिच्यावर २०८ माणसे होती, नेहमीच्या खलाशांच्या दुपटीहून अधिक. त्यांत बहुसंख्य गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञ. आग नसताना अग्निशमन यंत्रणा चालू झाली आणि फ्रेऑन वायू कप्प्यांत भरला. वीस जण गुदमरून गेले, त्यांतले सतरा नागरिक.

आमच्याकडच्या कारखान्यांत विजेच्या पॅनेलच्या खोलीत अशीच वायूने आग विझवणारी यंत्रणा असते. दारावर पाटी असते, भोंगा वाजतो, दिवा लुकलुकतो, आणि वायू सुटण्याआधी आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: भोंगा वाजला की हातातले काम टाकून बाहेर ये. नेर्पावर गोदीच्या कितीतरी कामगारांना मुखवटा कसा वापरायचा हे ठाऊक नव्हते. ज्यांनी ती बांधली तेच तिच्यावर सगळ्यांत असुरक्षित होते.

चौकशीत एका तरुण खलाशावर बटणे दाबल्याचा ठपका आला. पुढे ज्युरीने त्याला आणि कप्तानाला निर्दोष ठरवले. शुद्ध फ्रेऑनऐवजी कपडे धुण्याच्या दुकानांत वापरतात तशा स्वस्त आणि विषारी द्रावणाची भेसळ यंत्रणेत भरली होती, हेही उघड झाले. म्हणजे मृत्यूची मुळे खरेदीच्या कागदापर्यंत जात होती. हीच पाणबुडी एप्रिल २०१२ मध्ये विशाखापट्टणमला 'चक्र' झाली आणि २०२१ साली परत गेली.

धडा कोणी घेतला, कोणी नाही

सोव्हिएत संघाने सुमारे अडीचशे अणुपाणबुड्या बांधल्या, म्हणून अपघातही जास्त झाले, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेनेही दोन अणुपाणबुड्या माणसांसह गमावल्या: १९६३ साली 'थ्रेशर', १२९ जण, १९६८ साली 'स्कॉर्पियन', ९९ जण. खरा फरक पडला तो नंतर. थ्रेशर बुडाल्यावर काही महिन्यांतच अमेरिकन नौदलाने 'सबसेफ' ही पद्धत आणली. समुद्राच्या दाबाला तोंड देणारा प्रत्येक सांधा, प्रत्येक झडप कोणत्या मालातून आली, कोणी जोडली, कोणी तपासली याचा कागद असलाच पाहिजे. कागद नसेल तर पाणबुडी पाण्याखाली जाणार नाही. स्कॉर्पियनला हे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. ज्या पाणबुड्यांना मिळाले, त्यांतली एकही आजवर बुडालेली नाही.

अमेरिकेचेही सगळे गोड नाही. थ्रेशरच्या चौकशीचे कागद दशकानुदशके बंद होते. पाणबुडीदलातले एक निवृत्त कप्तान न्यायालयात गेले, तेव्हा २०२० पासून ते बाहेर येऊ लागले. आरमारे सगळीकडे गुप्ततेकडे झुकतात. कागद उघडायला बाहेरून कुणीतरी रेटा लावावा लागतो.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. १६ जून १९५५ रोजी इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात 'सिडॉन' या पाणबुडीवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाणतीराचा स्फोट होऊन १३ जण गेले. ब्रिटिशांनी ते इंधन पाणतीरांत वापरणे सोडून दिले. सोव्हिएत नौदलाने तसेच पाणतीर पुढे ठेवले, आणि पंचेचाळीस वर्षांनी 'कुर्स्क' गेली.

मुंबई आणि कल्पाक्कम

१४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'वर स्फोट झाले. ही पाणबुडी डिझेल-विजेची; पण आत बॅटऱ्या, पाणतीर आणि अरुंद कप्पे अणुपाणबुडीसारखेच. तिच्यावर २०१० साली विशाखापट्टणमला बॅटरीच्या कप्प्यात आग लागून एक नौसैनिक गेला होता. त्यानंतर रशियात सेवेरोद्विन्स्कला मोठी दुरुस्ती होऊन ती काही महिन्यांपूर्वीच परतली होती. अठरा जण गेले. शस्त्रास्त्रांनी पेट घेतल्याचा प्राथमिक अंदाज संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितला. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईपासून दूर समुद्रात 'सिंधुरत्न'वर धूर कोंडून दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्या राजीनाम्याबद्दल आदर वाटतो. पण या दोन्ही चौकशांचे अहवाल लोकांपुढे आले नाहीत, आणि राजीनामा अहवालाची जागा घेऊ शकत नाही. 'अरिहंत'मध्ये झाकण उघडे राहून पाणी शिरल्याच्या बातम्या जानेवारी २०१८ मध्ये वर्तमानपत्रांत आल्या. सरकारने त्यावर तपशील दिला नाही.

आता कल्पाक्कम. भाभा अणुसंशोधन केंद्राने इथे उभारलेली नमुना भट्टी २००६ साली पूर्णपणे चालू झाली. ऑगस्ट २००९ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांच्या काळात पत्रकारांना ती पहिल्यांदा दाखवली गेली. पाणबुडीत बसवण्याआधी भट्टी जमिनीवर वर्षानुवर्षे चालवून पाहायची, तिथेच माणसे घडवायची, हा मार्ग घाईचा नव्हे. के-१९ वर जी चूक झाली तिच्या नेमका उलटा हा निर्णय आहे.

पण याच कल्पाक्कमला २१ जानेवारी २००३ रोजी पुनर्प्रक्रिया प्रकल्पात एक झडप निकामी झाली. तीव्र किरणोत्सर्गी द्रव नको त्या टाकीत उतरला, आणि धोका दाखवणारे मापक तिथे नसल्यामुळे सहा कामगारांना किरणोत्सर्गाची मर्यादेपलीकडे मात्रा लागली. कामगार संघटनेने आवाज उठवला आणि काही महिन्यांनी भाभा केंद्राने हे जाहीरपणे मान्य केले. त्याआधी, २००० साली, भाभा केंद्राच्या सुविधा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून अंतर्गत समितीकडे दिल्या गेल्या होत्या. म्हणजे काम करणारी आणि तपासणारी संस्था एकच.

काय मागायचे

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने त्या धोक्यांची माहिती कामगारांना, निरीक्षकांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या वस्तीला दिलीच पाहिजे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात आले. हजारो माणसांच्या मृत्यूनंतर मिळालेले हे तत्त्व औद्योगिक वसाहतीच्या फाटकापर्यंत येते आणि नौदलाच्या गोदीच्या फाटकाशी थांबते.

पाणबुडी कुठे आहे, किती खोल जाते, तिचा आवाज कसा असतो, हे गुप्तच राहायला हवे; त्यात तिच्या माणसांचा जीव आहे. पण बॅटरीतला हायड्रोजन कसा बाहेर काढायचा, पाणतीर चढवताना कोणत्या पायऱ्या गाळायच्या नाहीत, चाचणीला किती माणसे न्यायची, हे शत्रूपासून लपवण्यासारखे नाही. ते लपवले की त्याची झळ पुढच्या पाणबुडीवरच्या आपल्याच मुलांना लागते. के-१९, चाझ्मा, कुर्स्क, नेर्पा, लोशारिक या सगळ्यांत हेच दिसते.

म्हणून मागण्या तीन आहेत. पहिली: पाणबुडीवरच्या प्रत्येक प्राणघातक अपघाताच्या चौकशीतला सुरक्षेचा भाग, शस्त्रांचे तपशील वगळून, ठरलेल्या मुदतीत संसदेपुढे ठेवावा. सुरुवात 'सिंधुरक्षक' आणि 'सिंधुरत्न'पासून करावी. तेवढा काळ आता उलटला आहे. दुसरी: पाणबुड्यांच्या आणि कल्पाक्कमच्या सुरक्षेची तपासणी नौदलाबाहेरच्या आणि भाभा केंद्राबाहेरच्या माणसांकडे असावी. पाणबुडीदलातले निवृत्त अधिकारी आणि गोपनीयतेची शपथ घेतलेले शास्त्रज्ञ आपल्याकडे आहेत. तिसरी: मुंबईत २०१८ साली दाखल झालेली खोल समुद्रातली बचावयंत्रणा आणि जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमला आलेली 'निस्तार' ही बचावनौका, दोन्हींचा सराव नियमित व्हावा, आणि गरज पडल्यास परदेशी मदत पहिल्या तासातच मागण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांग्गाला' बेपत्ता झाली तेव्हा भारताने आपली बचावयंत्रणा लगेच पाठवली होती. दुसऱ्याच्या माणसांसाठी आपण जी तत्परता दाखवली, ती स्वतःच्या माणसांसाठी दाखवताना अभिमान आड येऊ नये.

'अरिहंत'नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये 'अरिघात' आली, आणखी पाणबुड्या येत आहेत. यंत्रे आपण उत्तम बनवू लागलो आहोत. त्यांच्यावर जाणाऱ्या माणसांना आधीच्या प्रत्येक मृत्यूचे कारण माहीत असणे, हा त्यांचा हक्क आहे, आणि तो त्यांना मिळवून देणे हे आपले, किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे, काम आहे.